नवसागरात धुतलेल्या पुंगळ्या

नाव : शेख हनीफ शेख इमाम. राहणार : मूळ नांदेड, हल्ली मुक्काम लातूर. जन्मतारीख : शाळेच्या दाखल्याप्रमाणे एक जून (मराठवाड्यातील निम्मी प्रजा गुरुजींच्या सोयीने याच तारखेस जन्मली आहे). वय : त्यावरून त्रेचाळीस. शिक्षण : सातवी, अनुत्तीर्ण. पद : पुंगळी तपासनीस, मानधन तत्त्वावर, हे पद मंजूर यादीत नाही. ओळखीची खूण : उजव्या अंगठ्यावर भाजल्याचा जुना डाग. वर्तणूक : समाधानकारक. सदर इसमाने तपासून दिलेल्या काडतुसांबाबत आलेल्या तक्रारी : निरंक.

हा मजकूर लातूरच्या एका रायफल क्लबच्या फायलीत आहे. क्लब आता नाही. फाइल आहे.

पुंगळी म्हणजे काडतुसाचं पितळी अंग. चाप ओढला की दारू जळते, शिसं पुढे जातं आणि पुंगळी मागे पडते. बत्तीस बोअरच्या स्पर्धेच्या पिस्तुलाची पुंगळी करंगळीच्या पेराएवढी असते. परदेशी काडतुसं परवानगीने, वर्षातून एकदा आणि मोजकीच येत. त्यामुळे झाडलेल्या पुंगळ्या वेचून त्या पुन्हा भरायच्या, असा रिवाज होता आणि क्लबला तसा परवाना होता. नेमबाजीत हात, डोळा आणि श्वास यांची चर्चा होते. पुंगळीची होत नाही. जशी भात करपेपर्यंत लग्नात आचाऱ्याची होत नाही.

हनीफ आधी बुड बघायचा. बुडावर कारखान्याचा शिक्का असतो. एका शिक्क्याच्या, एका खेपेच्या पुंगळ्या एका डब्यात. दुसऱ्या शिक्क्याची एक जरी त्यात आली तरी तो ती दोन बोटांनी अशी बाहेर काढायचा की जणू पंगतीत कोणी पायताण घालून बसलंय. कोणती कितीदा झाडली हे डब्याच्या झाकणावर खिळ्याने ओरखडे मारून लिहिलेलं असे. मग तोंडावरून नख फिरवायचं. नख अडलं तर भेग. बुडातली ठिणगी देणारी टोपी सैल बसत असेल तर बाद. शेवटी काळ्या फरशीवर वीतभर उंचीवरून टाकायची आणि ऐकायचं. धड पुंगळी टण म्हणते. चिरलेली काही म्हणत नाही, नुसती पडते.

पुण्याकडचे काही हौशी लोक येताना पिशवीभर चकचकीत पुंगळ्या भेट म्हणून आणायचे. हनीफ हात लावायचा नाही. “खानदान म्हाईत न्हाई,” म्हणायचा. “चकाकी बघून सोयरीक करायची व्हय?” क्लबात हे वाक्य लोक म्हणीसारखं वापरत, बहुधा पुंगळ्या सोडून इतर बाबतींत.

हा कान त्याला बंदुकीने दिला नव्हता. हनीफचा बाप कल्हईवाला. नांदेडच्या इतवाऱ्यातून निघून हदगाव, नायगाव, बिलोली असा बाजार धरत तो दर हिवाळ्यात लातूरपर्यंत यायचा. भाता, कथील, कापूस आणि नवसागराची पुडी. तापलेल्या पितळी भांड्यावर नवसागर टाकला की पांढरा धूर उठतो, नाक झोंबतं आणि मळ जळून भांडं लख्ख होतं. मग कथलाचा हात. तीन पिढ्या या धुरात गेल्या. हनीफच्या अंगठ्यावरचा डाग त्यातलाच.

त्र्याण्णवच्या भूकंपानंतर पंधरा दिवसांनी बापलेक किल्लारीकडे गेले. धंद्याला गेले हे खरं, पण धंदा झाला नाही. ढिगाऱ्यातून निघालेली घागर, तपेलं, परात लोक घेऊन यायचे, आणि चेपलेलं ठोकून सरळ करायचे पैसे बापाने कोणाकडून घेतले नाहीत. एका गावची सरजाबाई म्हणून म्हातारी चार कोस चालत घागर घेऊन आली. घरातली पाच माणसं गेली होती, घागरीला पोचाही नव्हता. हनीफने बोटाच्या पेराने ती वाजवली आणि सांगितलं की आतून चिरली आहे, पाणी धरणार नाही. बाई म्हणाली, दिसत तर न्हाई. तो म्हणाला, दिसणार न्हाई, मावशी, पण हाय. बाप नंतर त्याच्यावर रागावला, की आज सांगायची काय गरज होती. हनीफचं म्हणणं, उद्या पाणी भरल्यावर घागरीनं सांगितलंच असतं.

पुढे पुनर्वसनात प्रत्येक कुटुंबाला भांड्यांचा संच मिळाला. स्टीलचा. स्टीलला कल्हई लागत नाही. भूकंपात जे व्यवसाय दगावले त्यांच्या यादीत कल्हई नाही, कारण ती मदतीने दगावली.

बाप नांदेडला परतला आणि दोन वर्षांत वारला. हनीफ बायको हाजराबी आणि दोन मुलींना घेऊन लातुरातच राहिला. मोडीच्या दुकानात पितळ निवडायचं काम करताना गुरुपादप्पांनी त्याला हेरला. गुरुपादप्पा म्हणजे उदगीरकडचे, पोलिसात शस्त्रं दुरुस्त करणारे हवालदार, निवृत्तीनंतर क्लबचे सर्वेसर्वा. मूठभर पुंगळ्या देऊन म्हणाले, यातल्या वाईट काढ. हनीफने नुसत्या वाजवून चार काढल्या. गुरुपादप्पांना तीनच माहीत होत्या. चौथी भिंगाखाली धरल्यावर सापडली.

कामावर घेताना त्यांनी एकच नियम सांगितला. पितळाजवळ नवसागर आणायचा नाही. इंग्रजाच्या काळी पागेशेजारी ठेवलेली काडतुसं पावसाळ्यात बसल्या जागी चिरायची; घोड्याच्या मुताची वाफ पितळ खाते, आणि नवसागराची तीच जात, असं त्यांना खात्यात शिकवलं होतं. हनीफने मान डोलावली आणि घरी हाजराबीला सांगितलं की हवालदाराला घोडे माहीत असतील, पितळ आमचं आहे. तीन पिढ्यांत नवसागराने एक भांडं चिरलं नव्हतं. हे खरंच होतं. पण भांडं जाड असतं आणि धूर त्याला क्षणभर लागतो. पुंगळी कागदासारखी पातळ, ओढून ताणून केलेली, आणि तिच्या तोंडात शिसं कोंबून बसवलेलं. हा फरक त्याला कोणी सांगितला नाही, आणि सांगितला असता तरी तो पागेतल्या गोष्टीबरोबरच गेला असता.

रविकिरण क्लबात आला तेव्हा सतरा वर्षांचा होता. भांड्यांचे व्यापारी शंकरप्पा यांचा धाकटा मुलगा. शंकरप्पांच्या दुकानातली पितळी भांडी एके काळी हनीफच्या बापाच्या हाताखालून गेलेली, त्यामुळे ओळख जुनी. आता दुकानात सगळं स्टील होतं आणि दुकानाच्या वर दोन मजले चढवून होस्टेल काढायचं चाललं होतं. लातुरात तेव्हा ज्याच्याकडे जिना होता तो होस्टेल काढत होता. बारावीचा लातूर पॅटर्न राज्यभर गाजला होता आणि बिलोलीपासून बुलढाण्यापर्यंतची पोरं एक ट्रंक आणि एक बादली घेऊन बसमधून उतरत होती. ज्या गावाने एवढे डॉक्टर घडवले त्या गावच्या व्यापाऱ्याचा मुलगा डॉक्टर नसणं हे जरा आचाऱ्याच्या घरी खानावळीचा डबा येण्यासारखं होतं.

रविकिरणला दोन हजार चारच्या सीईटीत मेडिकलला पुरतील एवढे गुण पडले नाहीत. पिस्तुलात मात्र तो सहाशेपैकी पाचशे अठ्ठेचाळीस, पाचशे पन्नास असे सहज मारत होता. शंकरप्पांनी मग व्यापाऱ्याला शोभेल अशी तोड काढली. जुलैच्या शेवटच्या रविवारी नांदेडला विभागीय निवड होती. पाचशे चाळीसला निवड. निवड झाली तर एक वर्ष पिस्तूल. कॉलेजात नुसतं नाव घालायचं. नाही झाली तर दोन ऑगस्टपासून रिपीटर बॅच, आणि पिस्तुलाचं नाव काढायचं नाही. बॅचच्या सरांनी जागा धरून ठेवली होती.

जूनच्या मध्याला शंकरप्पा पहिल्यांदा क्लबात आले. मुलगा काय करतो ते बघायला. हनीफने त्यांना निवडस्पर्धेसाठी काढलेला डबा दाखवला. एका शिक्क्याच्या, दोनदाच झाडलेल्या, नखाला आणि कानाला उतरलेल्या पुंगळ्या. वापराने काळपट पडलेल्या. हनीफ त्यांना काळा डबा म्हणायचा आणि त्याच्या मते जिल्ह्यात त्याहून चांगलं पितळ नव्हतं.

शंकरप्पांनी एक उचलली, उजेडात धरली आणि परत टाकली.

“ह्या असल्या कळकट वापरता व्हय रे? तुझा बाप असता तर आरशासारख्या करून दिल्या असत्या. माझ्या दुकानातून त्याच्या हातचं भांडं कधी परत आलं न्हाई.”

हनीफने सांगायला हवं होतं की पुंगळी काळी पडते म्हणून वाईट होत नाही, की आपण चकाकी बघतच नाही. हे वाक्य तो रोज कोणाला ना कोणाला ऐकवायचा. त्या दिवशी बापाचं नाव निघालं आणि वाक्य राहिलं.

त्याने काळ्या डब्याला हात लावला नाही, एवढं शहाणपण त्याच्याकडे होतं. त्याच खेपेतल्या आणखी सत्तर पुंगळ्या काढल्या, घरी नेल्या आणि नवसागराच्या पाण्यात दोन दिवस ठेवल्या. हाजराबीने विचारलं की हवालदार नको म्हणाले होते ना. तो म्हणाला, त्यांना दाखवायचंय कोण. पुंगळ्या निघाल्या त्या सोन्यासारख्या. धुतल्या, पुसल्या, एकेक वाजवली, सगळ्या टण. क्लबात नेऊन भरल्या आणि झाकणाचा घट्ट डबा बघून ठेवून दिल्या. पुढे पाच आठवडे पावसाळी दमट हवा, आणि धुतल्यावरही पितळाच्या अंगाला राहिलेला नवसागराचा अंश. भरलेली पुंगळी वाजवून तपासता येत नाही. पोटात शिसं असलं की धडही बद्द वाजते आणि चिरलेलीही.

स्पर्धेला क्लबतर्फे सात जण गेले, बरोबर हनीफ. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली. हनीफचं हे स्वतःचं गाव. तिथल्या चुलतभावांनी त्याला आजवर भाता घेऊन येताना पाहिलं होतं, आता गळ्यात क्लबचं ओळखपत्र होतं. एक चुलतभाऊ रेंजवर येऊन फाटकाबाहेर उभाही राहिला. शंकरप्पा स्वतःच्या जीपने आले. चकचकीत डबा उघडल्यावर त्यांनी शेजारच्या माणसाला दाखवला. म्हणाले, बघा, ह्याला म्हणतात काम.

काळा डबाही हनीफच्या पिशवीत होता. भरलेला. सवयीने आणला होता.

स्पर्धा दोन टप्प्यांत असते. पहिल्या तीस गोळ्या सावकाश, नंतरच्या तीस झटपट. रविकिरणने सुरुवात नेहमीसारखी केली. अकराव्या गोळीला आवाज वेगळा आला. धाडऐवजी थप. रेंजवर आठ पिस्तुलं चालू होती आणि बाकी कोणाच्या लक्षात यायचं कारण नव्हतं. टार्गेटवर ती गोळी मध्यापासून सरळ खाली, सातच्या वर्तुळात. हनीफ नेहमीप्रमाणे पुंगळ्या वेचत होता. त्या पुंगळीच्या तोंडाला नख लावलं आणि नख अडलं; भेगेतून जोर निसटला की गोळी खालीच जाते. एखादी असते, झाडताना चिरते, असं त्याने स्वतःला सांगितलं. सतराव्याला पुन्हा थप. सत्ताविसाव्याला पुन्हा. चिरलेल्या तिन्ही पुंगळ्या त्याने डब्यात टाकल्या नाहीत, खिशात टाकल्या.

नेमबाजीतलं दुर्दैव असं की गोळी खाली गेली तर सगळ्या जगाला कारण माहीत असतं : पोराने चाप झटकला, मनगट पडलं, दडपण आलं. मागे बसलेल्या जाणकारांनी तसं बोलायला सुरुवातही केली. रविकिरणचे दोनशे त्रेसष्ट झाले होते. नेहमी बहात्तर-त्र्याहत्तर होत. अजून काही बिघडलं नव्हतं. पुढच्या टप्प्यात दोनशे सत्त्याहत्तर मिळाले की झालं, आणि झटपट हा त्याचा हातखंडा.

मधल्या सुट्टीत काडतुसं बदलायला कोणाची मनाई नव्हती. रविकिरण पाणी पिऊन आला, हनीफशेजारी बसला आणि बुटाची नाडी बांधता बांधता म्हणाला, “चाचा, काळा डबा आणलाय का?”

“हाय.”

पोरगा थांबला. दोन हातांवर शंकरप्पा उभे होते आणि चकचकीत डब्यातली एक पुंगळी अजून त्यांच्या हातात होती, कुणाला तरी दाखवायला घेतलेली. फाटकाबाहेर चुलतभाऊ होता. सत्तरातल्या तीन निघाल्या, म्हणजे खराब तेवढ्या निघून गेल्या असतील, असा हिशेब हनीफने केला. असा हिशेब त्याच्या हाताखाली कोणी केला असता तर त्याने त्याला रेंजवर उभं केलं नसतं.

“पन हेच चालू दे,” तो म्हणाला.

झटपटच्या तिसात आणखी दोन थप झाल्या. दोनशे त्र्याहत्तर. एकूण पाचशे छत्तीस.

शंकरप्पांनी आकडा ऐकला. ते चिडले नाहीत. व्यापारी माणूस, त्यांच्या दुकानात एक नियम तीस वर्षं चालत आला होता, की माल खोटा निघाला तर बदलून द्यायचा, गिऱ्हाइकाची चूक असेल तर नाही. तोच त्यांनी इथे लावला. मुलाच्या देखत त्यांनी हनीफला बाजूला घेतलं, म्हणजे मुलाला ऐकू येईल एवढं बाजूला.

“हनीफ, तू सांग. मालात खोट होती का पोराच्या हातात? मालात आसंल तर माझा शब्द मोडला न्हाई आसं समजतो. पुढच्या साली बघू. हातात आसंल तर बॅच.”

उत्तर खिशात होतं. पाच पुंगळ्या. काढून तळहातावर ठेवल्या असत्या तर पुढचं काही बोलावंही लागलं नसतं. आणि शंकरप्पा काय करते? बहुधा बापाच्या नावाने दोन शब्द सुनावते. गुरुपादप्पांनी काम काढून घेतलं असतं, किंवा नसतंही. या कामाला दुसरा माणूस मिळत नव्हता.

“माल बरा होता, अप्पा,” हनीफ म्हणाला.

रविकिरण पिस्तूल पुसत होता. त्याने वर बघितलं नाही.

परतीच्या बसमध्ये हनीफने काय विचार केला ते त्यालाच माहीत. लातूरला आल्यावर त्याने चकचकीत डब्यातली उरलेली काडतुसं उघडून बघितली. न झाडलेल्यांपैकी दोन काडतुसांची तोंडं बसल्या जागी उकलली होती. ती त्याने गुरुपादप्पांपुढे नेऊन ठेवली आणि सगळं सांगितलं. गुरुपादप्पा बराच वेळ भिंगातून बघत राहिले. मग म्हणाले, मला सांगून काय उपयोग, माझी कुठली बॅच सुरू व्हायची आहे.

तरी शंकरप्पांच्या दुकानात जायला त्याला नऊ ऑगस्ट उजाडला. मध्ये ताप आला होता, असं तो सांगतो. हाजराबी सांगते, नव्हता. अधिक श्रावणातला सोमवार होता, दुकानात गर्दी होती. हनीफ गिऱ्हाइकं जाईपर्यंत परातींच्या चळतीशेजारी उभा राहिला आणि मग म्हणाला की त्या दिवशी आपण खोटं बोललो. खोट मालात होती, आणि ती आपण केलेली होती.

शंकरप्पांनी त्याने पुढे केलेल्या पाच पुंगळ्या हातात घेतल्या. पितळ त्यांनाही कळत होतं. भेग दाखवावी लागली नाही.

“तवाच का बोलला न्हाईस?”

“तुमी डबा लोकाला दाखवून राहिला होता, अप्पा.”

यावर त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर हनीफला बरं वाटलं असतं. त्यांनी पुंगळ्या कागदात बांधून परत दिल्या आणि गल्ल्याकडे वळले.

“आता फी भरली,” ते म्हणाले. “ते लोक वापस देत न्हाईत.”

रविकिरणला गाठायला तो क्लासच्या बाहेर थांबला. एका बॅचमधून साडेतीनशे मुलं बाहेर पडतात, सगळ्यांच्या पाठीवर एकाच क्लासची एकाच रंगाची पिशवी. हनीफला तो दिसला नाही. त्यानेच हनीफला ओळखलं. रस्त्याच्या कडेला, उसाच्या रसाच्या बंद गाड्याजवळ, हनीफने सगळं सांगितलं. नवसागरापासून. पोराने शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मागून सायकलवाले घंट्या मारत होते.

“मला कळलं होतं, चाचा. अकराव्यालाच. आवाज बद्द आला.”

“मंग अप्पाला बोलला का न्हाईस?”

“मी बोललो असतो तर हरला म्हणून मालाला नाव ठेवतोय, म्हणले असते. तुमी बोलाल म्हणून थांबलो होतो.”

मग फिजिक्सचा जादा तास आहे म्हणून तो आत गेला.

हनीफने काम सोडलं नाही. सोडायची भाषा केली, गुरुपादप्पांनी ऐकून घेतली नाही. नवसागर त्याने घरातून काढला. त्यानंतर क्लबच्या नेमबाजांना दिलेला प्रत्येक डबा तो स्पर्धेच्या आदल्या दिवशी उघडून प्रत्येक काडतुसाच्या तोंडावरून नख फिरवायचा, आणि बाद केलेली पुंगळी नेमबाजाच्या हातात देऊन का बाद केली ते सांगायचा. लोकांना ते कंटाळवाणं वाटे. आणखी दोन वर्षांनी नव्या नियमांमुळे परवान्याचं नूतनीकरण झालं नाही, क्लबची जागा एका क्लासने भाड्याने घेतली आणि जिथे काळी फरशी होती तिथे आता चौकशी खिडकी आहे.

दोन हजार पाचच्या सीईटीत रविकिरणला आदल्या वर्षीपेक्षा अकरा गुण कमी पडले.